आधी कागद, मग करंट : जुना रेडिओ चालू करण्यापूर्वी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत.)



आजचा विषय तसा छोटा आहे. माळ्यावरून काढलेला जुना रेडिओ कसा चालू करायचा, एवढाच. पण या एवढ्याशा गोष्टीत आम्ही स्वतः एक चांगला रेडिओ जाळून बसलो आहोत. त्यामुळे सुरुवात त्या फजितीपासूनच करतो.

आमच्यापैकी एकाच्या आजोळी एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आजोबांनी हौसेने घेतलेला. पुढे घरात ट्रान्झिस्टर आला, मग टीव्ही आला आणि हा माळ्यावर गेला. पंचवीसेक वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा तो खाली आला. आम्ही फडक्याने धूळ झटकली, वायर बरी दिसली, दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये घातला आणि बटण फिरवलं. अर्ध्या मिनिटात डायल उजळली. मग खरखर, आणि चक्क स्टेशन लागलं! आजीला हाक मारून आणलं. सगळे खूश. दहाएक मिनिटांनी आवाजात घुंऽऽ अशी घरघर यायला लागली. आम्हाला वाटलं, जुना आहे, होणारच. आणखी दोन मिनिटांनी डांबर तापल्यासारखा वास आला, मागून धूर आला. प्लग काढेपर्यंत ट्रान्स्फॉर्मर गेला होता.

पण खरी चुटपूट पुढेच आहे. त्याच घरात एका पत्र्याच्या पेटीत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक सापडलं. पूर्वी रेडिओ ऐकायला पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागायचं, आठवत असेल. त्याच्याच खाली कंपनीची माहितीपुस्तिका होती. तिच्यात फ्यूज किती अँपिअरचा हवा ते छापलेलं होतं. आमच्या सेटमध्ये कुणीतरी कधीतरी फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळली होती. आतला कपॅसिटर शॉर्ट झाला. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि दोन-चारशे रुपयांत काम झालं असतं. तो कागद आम्ही पंधरा मिनिटं आधी वाचला असता, तर निदान फ्यूज बघितला असता.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्या नियमाभोवतीच आहे. आधी कागद, मग करंट. जुन्या रेडिओला "तू चालतोस का?" हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. पहिला प्रश्न, "तुला खायला काय लागतं?" त्याचं उत्तर मॅन्युअलमध्ये असतं.

मॅन्युअल दोन प्रकारचं

"मॅन्युअल" या एकाच शब्दाखाली दोन वेगळी पुस्तकं येतात. एक गिऱ्हाइकासाठीची माहितीपुस्तिका. तिच्यात एरियल कुठे लावायची, अर्थ कुठे जोडायचा, व्होल्टेजची पट्टी कशी बदलायची, सेल कोणते आणि कसे घालायचे, हे असतं. आठ-दहा पानांचं काम.

दुसरं सर्व्हिस मॅन्युअल. हे मेकॅनिकसाठी. यात पूर्ण सर्किट, सुट्या भागांची यादी, कोणत्या व्हॉल्व्हच्या कोणत्या पिनवर किती व्होल्ट यावेत याचा तक्ता, डायलची दोरी कशी गुंडाळायची त्याचं चित्र आणि ट्यूनिंग जुळवण्याची पद्धत असते.

रेडिओ नुसता वापरायचा असेल तर पहिलं पुस्तक पुरेल असं वाटतं. सेट नवा होता तेव्हा ते पुरत होतं. आज साठ-सत्तर वर्षांनंतर दोन्ही लागतात, कारण आज आपण एकाच वेळी गिऱ्हाईकही आहोत आणि मेकॅनिकही.

मागची पाटी आणि चार जाती

रेडिओ उलटा फिरवा. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा चॅसीवर एक पाटी असते. मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि वॉट तिथे सापडतात. ती वाचल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. विजेच्या दृष्टीने जुन्या रेडिओच्या ढोबळ चार जाती आहेत, आणि प्रत्येकीचं खाणं वेगळं.

पहिली जात : फक्त एसी. यात मोठा, जड ट्रान्स्फॉर्मर असतो. सेट उचलताना एकाच बाजूला वजन लागलं की ओळखायचं. या सेटांवर व्होल्टेज बदलायची पट्टी किंवा चकती असते. फिलिप्सच्या कित्येक सेटांवर 110, 125, 145, 200, 220 आणि 245 असे आकडे दिसतील. आपल्याकडे हा सेट बहुतेक वेळा 220 वर ठेवलेला सापडतो. आज तुमच्या घरी मीटर लावून बघा. 230 ते 240 सहज असतात. 220 च्या खुणेवर 240 दिले तर 6.3 व्होल्टच्या फिलामेंटला जवळजवळ 6.9 व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह लगेच जळणार नाही, पण त्याचं आयुष्य कमी होतं आणि ट्रान्स्फॉर्मर जास्त तापतो. 245 ची खूण असेल तर ती वापरा. आवाजात फरक जाणवणार नाही.

दुसरी जात : एसी/डीसी. इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे प्रश्न रेडिओच्या जिवाचा नाही, तुमच्या जिवाचा आहे.

एकेकाळी काही शहरांच्या जुन्या भागांत घरात डीसी वीज यायची. डीसीवर ट्रान्स्फॉर्मर चालत नाही. म्हणून कंपन्यांनी ट्रान्स्फॉर्मरच काढून टाकला आणि सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंटं एका माळेत जोडली, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखी. डेटाबुकातले आकडे घेऊन एक माळ बघू. यूसीएच 42 ला 14 व्होल्ट, यूएफ 41 ला 12.6, यूबीसी 41 ला 14, यूएल 41 ला 45 आणि यूवाय 41 ला 31. बेरीज करा : 116.6. मेन्स 220 व्होल्ट. उरलेले साधारण 103 व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टन्सवर जिरवायचे. माळेतला करंट 100 मिलिअँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स हजार ओहमच्या थोडा वर, आणि तो सतत 10 वॉट उष्णता बाहेर टाकणार. असा सेट मागून भाजल्यासारखा गरम लागतो. तो बिघाड नाही, ते त्याचं नेहमीचं वागणं. म्हणून मागची भोकं झाकायची नाहीत, आणि वर विणलेला रुमाल तर अजिबात घालायचा नाही.

आता धोका कुठे? ट्रान्स्फॉर्मर नाही, म्हणजे मेन्सची एक वायर सरळ चॅसीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा गेला की अख्खी चॅसी लाइव्ह. 230 व्होल्ट. बाहेरचे नॉब बॅकेलाइटचे असल्यामुळे हाताला काही लागत नाही. पण नॉब पडला आणि आतला लोखंडी दांडा उघडा राहिला, तर त्याला हात लावणं म्हणजे बोर्डातल्या वायरला हात लावणं. नॉबचा स्क्रू ज्या भोकात असतो त्यात कंपनी मेण भरायची. ते मेण शोभेचं नाही, बोट त्या स्क्रूला लागू नये म्हणून आहे. कित्येक मेकॅनिकांनी ते काढलं आणि पुन्हा भरलंच नाही.

तेव्हा एसी/डीसी सेट असेल तर तीन गोष्टी. एक, मागचा पुठ्ठा काढून वापरायचा नाही. दोन, चॅसीला अर्थिंगची वायर कधीही थेट जोडायची नाही. तीन, याला मोबाइल, हेडफोन, बाहेरचा स्पीकर असलं काहीही स्वतःच्या डोक्याने जोडायचं नाही. उघडून काम करायचं असेल तर आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर लागतो. आणि बरेच जण इथे फसतात : डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी-जास्त करतो, पण मेन्सपासून तुम्हाला वेगळं करत नाही.

तिसरी जात : सेलवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ. गावोगावी वीज नव्हती तेव्हाचा. याला दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागतात. फिलामेंटसाठी दीड व्होल्ट आणि प्लेटसाठी साधारण 90 व्होल्ट. डीके 96, डीएफ 96, डीएएफ 96, डीएल 96 हा चार व्हॉल्व्हचा संच घ्या. पहिल्या तिघांची फिलामेंटं प्रत्येकी 25 मिलिअँपिअर घेतात, शेवटचा 50. एकूण 125. एका मोठ्या टॉर्चच्या सेलला हे सहज झेपतं. 90 व्होल्टची बॅटरी आज दुकानात मिळत नाही, पण 9 व्होल्टचे दहा चौकोनी सेल एकापुढे एक जोडले की झाले 90.

हे वाचायला सोपं आहे, पण दोन वायरींची अदलाबदल झाली तर? दीड व्होल्टच्या फिलामेंटवर 90 व्होल्ट. चारही व्हॉल्व्ह डोळ्याचं पातं लवायच्या आत खलास. म्हणून मॅन्युअलमधलं बॅटरीच्या प्लगचं चित्र समोर ठेवायचं, मीटरने प्रत्येक वायर तपासायची आणि मगच जोडायची. वायरींच्या रंगावर विश्वास नको, रंग मेकॅनिकने बदललेले असू शकतात. आणि 90 व्होल्ट डीसी आहे, "सेलच तर आहेत" म्हणून हात घालू नका.

चौथी जात : ट्रान्झिस्टर. सगळ्यांत साधा वाटणारा आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त मारला जाणारा.

सुरुवातीच्या सेटांमध्ये जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर असत. त्यांच्या सर्किटमध्ये बहुधा सेलची धन बाजू चॅसीला असते. आज आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की ऋण म्हणजे चॅसी. त्यात जुन्या सेटांच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये मधली पिन धन की ऋण, याचा एकच असा नियम नव्हता. आम्ही एकदा चार सेलच्या, म्हणजे 6 व्होल्टच्या सेटला घरातला एलिमिनेटर लावला. त्यावर "6 व्होल्ट" लिहिलेलं होतं. पण साधा, बिनरेग्युलेटरचा एलिमिनेटर लोड नसताना लिहिल्यापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतो. वर पिन उलटी. आवाजाचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले. मालकाला सांगताना आमच्या तोंडून शब्द फुटेना.

आमचा सल्ला सरळ आहे. ट्रान्झिस्टर सेलवरच चालवा. हळू आवाजात असा सेट सरासरी 30 मिलिअँपिअर घेतो असं धरू. साध्या मोठ्या सेलची क्षमता 5000 मिलिअँपिअर-तास धरली तर दीडशे तासांहून जास्त झाले. रोज एक तास ऐकलं तर पाच महिने. मग एलिमिनेटर कशाला? फक्त सेट ठेवून देताना सेल काढून ठेवा. ट्रान्झिस्टर बिघडून जेवढे रेडिओ गेले नसतील, तेवढे सेल फुटून, आतल्या पट्ट्या गंजून गेलेले आम्ही पाहिलेत.

व्होल्टेजचा तक्ता : रेडिओची नाडी

आता सर्व्हिस मॅन्युअलमधलं सर्वांत मोलाचं पान. सर्किट बघून घाबरायला होतं, मान्य आहे. सर्किट कळलं नाही तरी चालेल, व्होल्टेजचा तक्ता तरी वाचायला शिका.

ईएल 84 नावाचा व्हॉल्व्ह घ्या. आवाज मोठा करणारा, स्पीकरच्या आधीचा. अनेक घरगुती सेटांत तो सापडतो. त्याच्या डेटाशीटमधला नेहमीचा हिशेब असा : प्लेटला 250 व्होल्ट, कॅथोडला 135 ओहमचा रेझिस्टन्स, आणि त्या रेझिस्टन्सवर 7.3 व्होल्ट. 7.3 भागिले 135, म्हणजे साधारण 54 मिलिअँपिअर. त्यातले 48 प्लेटचे. 250 व्होल्ट गुणिले 48 मिलिअँपिअर, 12 वॉट. आणि या व्हॉल्व्हच्या प्लेटची कमाल मर्यादा किती? तीही 12 वॉट. म्हणजे कंपनीने त्याला आधीच काठावर उभा केलाय.

आता तुम्ही मीटर लावलात आणि कॅथोडवर 7.3 च्या जागी 12 व्होल्ट आले. 12 भागिले 135, जवळपास 89 मिलिअँपिअर. प्लेटवर वीसेक वॉट. रेडिओ वाजतोय, गाणं छान ऐकू येतंय, आणि आत व्हॉल्व्ह लाल व्हायला लागलाय. कानाला काही कळत नाही, तक्त्याला कळतं. आमच्या आजोळच्या रेडिओचंही असंच होतं. दहा मिनिटं तो वाजला, ती दहा मिनिटं तो जळतच होता.

असं का होतं? बहुतेक वेळा एका छोट्या कपॅसिटरमुळे. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. तो आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याच्या ग्रिडला देतो आणि डीसी अडवतो. जुने कपॅसिटर कागद आणि मेणाचे. वर्षानुवर्षं पावसाळे खाल्ले की त्यांच्यात ओल शिरते. समजा त्यातून 50 मेगओहमची गळती झाली. साध्या मीटरवर ते "ओपन" म्हणजे चांगलंच दिसेल. पण एका बाजूला 100 व्होल्ट आणि ग्रिडला 1 मेगओहमचा रेझिस्टन्स असेल, तर ग्रिडवर जवळजवळ 2 व्होल्ट धन चढतात. ऋण राहायला हवी ती ग्रिड सैल सुटते आणि करंट वाढतो. म्हणून कोणताही व्हॉल्व्हचा सेट आला की आम्ही हा एक कपॅसिटर न तपासताच बदलतो. किंमत वीस-तीस रुपये. त्याच्यामुळे जाणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरला किंमत नाही, कारण तो मिळतच नाही.

पहिल्यांदा वीज देताना

पाटी वाचली, पट्टी जुळवली, फ्यूज मॅन्युअलप्रमाणे घातला, वायर नवी टाकली. तरी थेट सॉकेटमध्ये प्लग नाही. मध्ये सिरीज लॅम्प. प्रत्येक वायरमनकडे असतो तोच. रेडिओच्या एका वायरीत 60 किंवा 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब जोडायचा. एलईडी चालणार नाही, फिलामेंटचाच हवा.

बटण चालू केल्यावर बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. थोड्या वेळाने व्हॉल्व्ह तापले की किंचित उजळेल, तेही ठीक. पण बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब बंद. बल्बने तुमचा ट्रान्स्फॉर्मर वाचवला. आम्ही त्या दिवशी हा बल्ब लावला असता तर... असो.

बंद केल्यावरही लगेच आत बोट नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट साठून राहू शकतात. 10 किलोओहमचा मोठा रेझिस्टन्स काही सेकंद लावून ते रिकामे करायचे, मीटरवर शून्य बघायचं, मग हात.

मॅन्युअल आणि सेट जुळतात का?

इथे एक सावधगिरी. मॅन्युअल कारखान्यातून निघालेल्या सेटचं असतं. तुमच्या हातातला सेट मधल्या पन्नास वर्षांत चार मेकॅनिकांच्या हातून गेलेला असतो. नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे ईझेड 80 हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह मिळेना म्हणून तिथे बीवाय 127 डायोड टाकलेले. काम चालतं. पण व्हॉल्व्ह हळूहळू तापून वीज द्यायचा, डायोड तत्क्षणी देतो. बाकीचे व्हॉल्व्ह अजून थंड, करंट घेणारं कुणी नाही. ट्रान्स्फॉर्मरचे 250 व्होल्ट गुणिले 1.414, म्हणजे सुमारे 354 व्होल्ट कपॅसिटरवर चढतात. कपॅसिटरवर लिहिलेलं असतं 350. म्हणून व्हॉल्व्हची यादी आणि प्रत्यक्षातले व्हॉल्व्ह एकेक करून ताडून बघा. जिथे फरक आहे तिथे पेन्सिलने खूण करा. पुढच्या माणसासाठी तेच तुमचं मॅन्युअल.

आणि मॅन्युअल नसेलच तर? आधी कॅबिनेटच्या आत बघा, काही कंपन्या सर्किटचा कागद आतच चिकटवायच्या. मग मॉडेल नंबर घेऊन इंटरनेटवर शोधा. रेडिओम्युझियमसारख्या संकेतस्थळांवर जगभरच्या हजारो मॉडेलांची नोंद आहे. नेमकं मॉडेल नाही मिळालं तर व्हॉल्व्हचे नंबर तरी असतातच. प्रत्येक व्हॉल्व्हचं डेटाशीट मिळतं, आणि त्यावरून आपण आत्ता केली तशी बेरीज-वजाबाकी करता येते. नंबर यू ने सुरू झाला तर एसी/डीसीची माळ, ई ने सुरू झाला तर बहुधा 6.3 व्होल्ट, डी ने सुरू झाला तर सेलवरचा सेट. एका अक्षरावरून एवढं कळतं.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आमच्या रेडिओच्या डायलवर मीटर लिहिलंय, स्टेशनं तर किलोहर्ट्झमध्ये सांगतात. कसं शोधायचं?*

तीन लाखाला किलोहर्ट्झने भागा. पुण्याचं आकाशवाणी केंद्र मिडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झ. 3,00,000 भागिले 792, म्हणजे 379 मीटरच्या आसपास काटा न्या. मुंबईचं 558 असेल तर 538 मीटर. लाकडी व्हॉल्व्हच्या सेटला पाच-सहा मीटर वायर खिडकीबाहेर काढून एरियलच्या सॉकेटला लावा. आतल्या तुकड्यावर फक्त खरखर येईल आणि तुम्ही उगाच रेडिओला दोष द्याल.

*प्रश्न : ट्रान्झिस्टर एलिमिनेटरवर लावला की खूप सुरसुर येते, सेलवर येत नाही. बिघाड कुठे?*

रेडिओत नाही. आजचे हलके चार्जर स्विचिंगचे असतात, ते स्वतःच मिडियम वेव्हवर कचरा सोडतात. घरातले एलईडी दिवेही तेच करतात. शेजारचा दिवा बंद करून बघा, फरक कळेल.

*प्रश्न : आवाज येतो पण स्टेशन नीट लागत नाही. डबीतले स्क्रू सैल झाले असतील, घट्ट करू का?*

नाही! कृपा करून नाही. (हशा) ते स्क्रू घट्ट करायचे नसतातच. मॅन्युअलमध्ये आयएफ म्हणून एक आकडा असतो, अनेक सेटांत 455 किलोहर्ट्झ. तुम्ही 792 लावता तेव्हा रेडिओ आत 1247 तयार करतो, आणि दोहोंतला फरक 455. त्या डब्या या 455 वर जुळवलेल्या असतात. स्क्रू पिळला की जुळणी गेली, आणि पुन्हा जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो. आधी व्होल्टेजचा तक्ता, मग कपॅसिटर, मग एरियल. त्या डब्या सगळ्यांत शेवटी, आणि तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानेच.

*प्रश्न : माझ्या भावाने अमेरिकेतून 117 व्होल्टचा जुना सेट आणलाय. स्टेप-डाउन लावला की चालेल ना?*

चालेल, पण दोन गोष्टी बघा. बाजारातले बरेच स्टेप-डाउन ऑटो प्रकारचे असतात, त्यात आयसोलेशन नसतं. आणि तिकडचे लहान सेट पुष्कळदा ट्रान्स्फॉर्मरशिवायचे, चॅसी लाइव्हच. तेव्हा दोन वेगळी वाइंडिंग असलेला ट्रान्स्फॉर्मर मागून घ्या. दुसरं, काही सेटांत उष्णता जिरवणारा रेझिस्टन्स प्लगच्या वायरमध्येच असतो. वायर लांब आहे म्हणून कापलीत तर रेझिस्टन्सही कापला जाईल. सेटच्या कागदात तसं लिहिलंय का ते आधी बघा, वायर मग.

*प्रश्न : मग तुमच्या त्या आजोळच्या रेडिओचं पुढे काय झालं?*

तो आमच्याकडेच आहे. एका वाइंडिंगवाल्याने जुना ट्रान्स्फॉर्मर उकलून, वेढे मोजून नवा गुंडाळून दिला. वेढे मोजले तरी कुठल्या टोकाला किती व्होल्ट, किती करंट, हे त्याला सांगावं लागलंच. ते आम्ही सांगू शकलो, कारण पुस्तिका मिळाल्यावर तिच्यावरच्या मॉडेल नंबरवरून सर्व्हिस मॅन्युअलही सापडलं होतं. रेडिओ वाजतो. पण तोवर दीड वर्ष गेलं होतं आणि आजी ते ऐकायला नव्हती.

म्हणून घरी जाल तेव्हा एक करा. रेडिओ माळ्यावरून आज काढू नका. आधी जुन्या पेट्या, लायसन्सची पुस्तकं, बिलांच्या फायली बघा. पुस्तिका सापडली तर तिचे फोटो काढून ठेवा, सगळ्या पानांचे. नाही सापडली तर मागच्या पाटीचा फोटो काढा. तो कागद हातात आल्यावर मग रेडिओ खाली घ्या.